दोस्तोयव्हस्कीची स्वप्नं वाचताना या चुका टाळा

फ्योदोर दोस्तोयव्हस्कीवर टिपण लिहायचं असो, वाचनगटात बोलायचं असो की त्याची एखादी जाडजूड कादंबरी नुसती नीट वाचायची असो, स्वप्नांचा विषय आपणहून पुढे येतो. तो सोपाही वाटतो, कारण ही स्वप्नं ठसठशीत आहेत आणि सहज वेगळी काढता येतात. घोटाळा तिथेच होतो. स्वप्न पानावरून उचलायचं, स्वप्नफळाच्या पुस्तकातल्यासारखा प्रत्येक वस्तूला एक अर्थ लावायचा आणि मोकळं व्हायचं. या लेखकाकडे स्वप्न ही कथानकातली घटना असते, पत्र येण्याइतकी किंवा दारात माणूस उभा राहण्याइतकी खरी. तिच्या आधी काय घडलं आणि जाग आल्यावर माणूस काय करतो, हे सुटलं की स्वप्नही सुटतं.

घोडी म्हणजे म्हातारी, हे समीकरण

सर्वांत जास्त चुका या एका स्वप्नावर होतात, म्हणून ते सावकाश पाहू. 'क्राइम अँड पनिशमेंट', भाग 1, प्रकरण 5. कादंबरीचा नायक रास्कोलनिकोव्ह, जो पुढे एका सावकारीण म्हातारीचा कुऱ्हाडीने खून करतो, स्वप्नात सात वर्षांचा आहे आणि वडिलांबरोबर गुत्त्यावरून कबरस्तानाकडे चालला आहे. मिकोल्का नावाचा दारू प्यायलेला शेतकरी अवजड गाडीला मरतुकडी घोडी जुंपतो, गाडीत माणसं कोंबतो आणि ती ओढत नाही म्हणून तिला आधी चाबकाने, मग गाडीच्या दांड्याने, शेवटी लोखंडी पहारेने मारतो. गर्दीतून कोणीतरी कुऱ्हाड घालायलाही सुचवतं. मूल मेलेल्या घोडीच्या तोंडाचे मुके घेतं, मिकोल्कावर धावून जातं. वडील त्याला ओढून नेतात; हे आपलं काम नाही, म्हणतात.

झटकन लावला जाणारा अर्थ असा: घोडी म्हणजे सावकारीण म्हातारी, मिकोल्का म्हणजे रास्कोलनिकोव्ह. हा अर्थ खोटा नाही. जागा होताच रास्कोलनिकोव्ह स्वतःच कुऱ्हाडीचं नाव काढतो. पण तेवढ्यावर थांबलं की एक साधा प्रश्न लोंबकळत राहतो: म्हातारीवर कसलं ओझं आहे? काहीच नाही. ओझ्याखाली वाकलेल्या बायका आधीच्या तीन प्रकरणांत आहेत. प्रकरण 2 मध्ये गुत्त्यात भेटलेला दारुडा मार्मेलादोव्ह आपल्या मुलीची, सोन्याची, हकीकत सांगतो. तिने घर चालवण्यासाठी शरीरविक्रय पत्करला आहे. प्रकरण 3 मध्ये आईचं पत्र येतं आणि बहीण दुन्या भावासाठी लग्नाच्या नावाखाली स्वतःला विकते आहे हे त्याला कळतं. प्रकरण 4 मध्ये रस्त्यावर नशेतली मुलगी दिसते. हे सगळं त्याच एका दिवसाच्या मागेपुढे साचलं आहे. भाग 5, प्रकरण 5 मध्ये मार्मेलादोव्हची विधवा कातेरीना इव्हानोव्हना मरताना घोडीला राबवून राबवून मारल्याचंच बोलते, तेव्हा पहिल्या भागातली घोडी पुन्हा समोर येते. स्वप्न पाहणारा एकाच वेळी मूल आहे, मारणारा आहे आणि मान फिरवणारा बापही आहे. एकास एक जोड्या लावल्या की यातला बाप हमखास गळतो.

दुसरी चूक, या स्वप्नाला खुनाची पूर्वसूचना म्हणणं. क्रम तपासा. जाग आल्यावर त्याला किळस येते, तो बेत सोडून देतो, त्याला हलकं वाटतं. मग काही कारण नसताना तो लांबच्या वाटेने, 'हे मार्केट' नावाच्या बाजारचौकातून घरी निघतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला म्हातारीची बहीण लिझावेता घरी नसणार, हे त्याच्या कानावर पडतं. म्हणजे स्वप्न त्याला खुनापासून मागे ओढतं आणि कानावर पडलेलं एक वाक्य पुन्हा पुढे ढकलतं. उलटं लिहिलेली टिपणं पुष्कळ आढळतात.

नावाचा एक सापळाही आहे. खुनाचा खोटा कबुलीजबाब देणारा रंगारी निकोलाय, त्यालाही मिकोल्काच म्हणतात. स्वप्नातला मिकोल्का वेगळा. नाव एकच असणं लेखकाच्या लक्षात आलं नसेल असं मानायचं कारण नाही, पण दोघांना एक माणूस समजलात तर पुढचा तपास कळेनासा होतो.

स्वप्न कुठे सुरू झालं, कुठे संपलं

"हे खरंच घडतंय का?" असा प्रश्न पडून वाचक मागची पानं चाळतात. दोष वाचकाचा नसतो. दोस्तोयव्हस्की स्वप्नाची सुरुवात अनेकदा सांगतच नाही, शेवट मात्र सांगतो. म्हणून अडलं की मागे जाऊ नका. जाग येईपर्यंत पुढे वाचा आणि मग खोलीतल्या वस्तू मोजा.

भाग 2, प्रकरण 2 मध्ये पोलीस अधिकारी घरमालकिणीला जिन्यात बडवतो आहे, असं आपण वाचतो. मोलकरीण नास्तास्या येते आणि कोणी कोणाला मारलं नाही म्हणते. तेव्हा कुठे कळतं. भाग 3, प्रकरण 6 मध्ये रास्कोलनिकोव्ह म्हातारीवर पुन्हा कुऱ्हाड चालवतो आणि ती हसत सुटते. त्या स्वप्नात एक माशी काचेवर आपटते. जाग आल्यावरही खोलीत मोठी माशी काचेवर आपटत असते आणि दारात अनोळखी माणूस, स्विद्रिगाइलोव्ह, उभा असतो. माशी दोन्हीकडे असल्यामुळे रास्कोलनिकोव्हला शंका येते, तशी आपल्यालाही येते. स्विद्रिगाइलोव्ह खरा आहे. त्याचा प्रवेश स्वप्नाच्या शेपटाला बांधलाय, इतकंच.

सर्वांत अवघड जागा भाग 6, प्रकरण 6, म्हणजे स्विद्रिगाइलोव्हची हॉटेलातली शेवटची रात्र. अंथरुणात उंदीर, मग फुलांत ठेवलेली बुडून मेलेल्या मुलीची शवपेटी. मग तो उठतो, खिडकी उघडतो, पुराचा इशारा देणारी तोफ ऐकतो, बाहेर बोळात त्याला पाच वर्षांची भिजलेली मुलगी सापडते, तिला तो आपल्या अंथरुणात झोपवतो आणि तिचा चेहरा बदलू लागतो. यातला 'तो उठतो' हा भाग बहुतेक जण खरा धरतात. जाग येते तेव्हाचं वाक्य पाहा: तो त्याच अंथरुणात, तसाच पांघरुणात गुरफटलेला, मेणबत्ती पेटवलेली नाही. म्हणजे तो उठलाच नव्हता, आणि मग तोफेचाही भरवसा उरत नाही. मेणबत्ती आणि पांघरूण या दोन वस्तूंवर सगळा निकाल आहे.

'द ब्रदर्स कारामाझोव्ह'च्या अकराव्या खंडात, प्रकरण 9 मध्ये, हीच युक्ती फिरवून वापरली आहे. कारामाझोव्ह भावांपैकी इव्हान सैतानाशी बोलताना ओला टॉवेल डोक्याला लावतो, पाहुण्यावर पेला फेकतो. दारावर नव्हे, खिडकीवर थाप पडते. धाकटा भाऊ अल्योशा आला आहे. इव्हान भानावर येतो तर पेला समोर टेबलावर जागच्या जागी, सोफ्यावर कोणी नाही. पुढच्या प्रकरणात टॉवेलही कोरडा निघतो. आणि तरीही इव्हान हे स्वप्न नव्हतं म्हणून ओरडतो. वस्तूंचा पुरावा एकीकडे आणि माणसाची खात्री दुसरीकडे, असं लेखकाने मुद्दाम ठेवलं आहे. तुमच्या टिपणात एक बाजू निवडून दुसरी पुसू नका.

शीर्षकात स्वप्न आहे म्हणून

'अंकल्स ड्रीम' (1859) स्वप्नांच्या यादीत घालणारे बरेच आहेत. त्यात स्वप्न नाही. म्हातारा राजपुत्र जागेपणी एका तरुणीला मागणी घालतो आणि तिच्यासाठी झुरणारा मोझ्ग्ल्याकोव्ह त्याला पटवून देतो की ते स्वप्नात घडलं. चांगलं प्रहसन आहे, पण यादीतून काढा. 'व्हाइट नाइट्स'मधला (1848) निवेदकही झोपेत काही पाहत नाही. तो पीटर्सबर्गमध्ये एकटा राहून मनोराज्यात रमतो. दोस्तोयव्हस्कीच्या लेखनात मनोराज्य माणसाला जगापासून तोडतं आणि झोपेतलं स्वप्न त्याला बहुधा जगात परत आणून आपटतं. दोन्ही एकाच शीर्षकाखाली घातली की सगळाच विचार गढूळ होतो.

चरित्र स्वप्नावर चिकटवणं

तारखांपासून सुरुवात करू, कारण तिथली चूक सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त दिसणारी आहे. तेव्हा रशियात जुनं पंचांग चालत होतं. 19व्या शतकात ते आपल्या सवयीच्या तारखेपेक्षा 12 दिवस मागे. जन्म 30 ऑक्टोबर 1821 जुन्या पद्धतीने, 11 नोव्हेंबर नव्या. मृत्यू 28 जानेवारी किंवा 9 फेब्रुवारी 1881. सरकारविरोधी गटात असल्याबद्दल अटक झाल्यावर त्याला गोळ्या घालण्याचा देखावा करून शेवटच्या क्षणी शिक्षा बदलली गेली; हे देहदंडाचं नाटक 22 डिसेंबर 1849 ला झालं, म्हणजे नव्या पद्धतीने 3 जानेवारी 1850. एका टिपणात एकच पद्धत ठेवा.

त्या नाटकात पहिल्या तिघांना खांबाला बांधलं होतं. दोस्तोयव्हस्की पुढच्या तिघांत होता. त्यानंतर ओम्स्कला चार वर्षं सक्तमजुरी. या अनुभवातून सगळी दुःस्वप्नं निघाली असं लिहिण्याचा मोह होतो, पण 'द डबल'चा नायक गोल्याद्किन याचं दुःस्वप्न, ज्यात पावलागणिक नवा जुळा उगवतो, 1846 चं आहे. अटकेच्या तीन वर्षं आधीचं.

त्याच्या फेफऱ्याच्या आजाराबद्दलही जपून. मनोविश्लेषक फ्रॉइडने 1928 च्या निबंधात झटक्यांचा संबंध 1839 मधल्या वडिलांच्या मृत्यूशी जोडला. वडिलांना त्यांच्याच भूदासांनी (जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांनी) मारल्याची वदंता होती. अधिकृत नोंद मात्र पक्षाघाताने मेल्याची. 1857 च्या लष्करी डॉक्टरच्या अहवालात पहिला झटका 1850 चा, म्हणजे तुरुंगातला, सांगितला आहे. फ्रॉइडचा निबंध वाचा जरूर. त्यातल्या तारखांवर इमारत उभारू नका.

घोडीच्या स्वप्नाला मात्र खरंच एक आठवण जोडलेली आहे. 1837 मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, भावाबरोबर पीटर्सबर्गला जाताना त्याने एका सरकारी जासुदाला गाडीवानाच्या मानेवर गुद्दे मारताना आणि प्रत्येक गुद्द्यासरशी गाडीवानाला घोड्यांवर चाबूक ओढताना पाहिलं. ती हकीकत त्याने जानेवारी 1876 मध्ये छापली. पण फरक लिहून काढा: आठवणीत मार वरून खाली उतरतो, जासुदाकडून गाडीवानाकडे आणि तिथून घोड्याकडे, स्वप्नात वरचा कोणीच नाही, फक्त मालक आणि त्याचा 'माझा माल' हा हक्क. स्वप्नाचं वजन त्या फरकात आहे.

आणखी एक गोंधळ. 'ड्रीम ऑफ अ रिडिक्युलस मॅन' ही कथा 1877 च्या एप्रिल अंकात 'रायटर्स डायरी'मध्ये आली. नावात डायरी असली तरी हे त्याने स्वतः काढलेलं मासिक होतं, खासगी रोजनिशी नव्हे. त्यातलं स्वप्न लेखकाचं स्वतःचं म्हणून उद्धृत करू नका.

तेच स्वप्न पुन्हा का येतं

वाचकांना एक ओळखीचा ठोका लागतो: ग्रीक बेटं, तिरपा सूर्यप्रकाश, निष्पाप माणसं. तीन ठिकाणी. लेखक स्वतःचीच पुनरावृत्ती करतो असा शेरा मग मारला जातो. खरं कारण छपाईचं आहे. 'डेमन्स'मध्ये नायक स्ताव्हरोगिनच्या कबुलीजबाबात हे स्वप्न होतं, ड्रेस्डेनच्या संग्रहालयातल्या क्लोद लोराँच्या 'एसिस आणि गॅलटिया' या चित्रावरून सुचलेलं. संपादक कात्कोव्हने ते प्रकरण छापायला नकार दिला आणि ते 1922 मध्ये प्रकाशित झालं. वाया गेलेलं स्वप्न दोस्तोयव्हस्कीने 1875 च्या 'द अॅडोलसंट'मध्ये व्हर्सिलोव्ह या पात्राला दिलं.

स्वप्न सारखं, जाग वेगळी. स्ताव्हरोगिनला जाग आल्यावर जेरेनियमच्या पानावरचा लाल कोळी आठवतो आणि त्याबरोबर त्याने उद्ध्वस्त केलेली मुलगी. व्हर्सिलोव्हच्या डोळ्यांपुढे युरोपचा मावळता सूर्य येतो. 1877 च्या कथेत निवेदक त्या सुखी लोकांना स्वतःच बिघडवतो, आणि जागा झाल्यावर उपदेश करायला निघतो. तुमच्या प्रतीत स्ताव्हरोगिनचं प्रकरण सापडत नसेल तर शेवटचं परिशिष्ट पाहा. नसेलच तर ती जुन्या संहितेवरची आवृत्ती आहे. हीच कादंबरी 'द पझेस्ड' आणि 'डेव्हिल्स' या नावांनीही मिळते, तेव्हा एकच पुस्तक दोनदा घेऊ नका.

साथीचं भाकीत

'क्राइम अँड पनिशमेंट'च्या उपसंहारात, सैबेरियातल्या तुरुंगाच्या दवाखान्यात, रास्कोलनिकोव्हला आशियातून युरोपात पसरणारी साथ दिसते. हे साथरोगाचं भाकीत म्हणून फिरवलं जातं. लक्षण वाचलं की गैरसमज जातो: ज्यांना हे सूक्ष्म जीव ग्रासतात ते स्वतःला सर्वांत शहाणे आणि सत्याचे एकमेव धनी समजू लागतात, आणि एकमेकांना मारतात. असाधारण माणसाला सगळं माफ, हा रास्कोलनिकोव्हचाच सिद्धांत इथे सगळ्या जगाला लागण झाल्यासारखा पसरलाय. जागाही पाहा. हे स्वप्न ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आणि ईस्टरच्या आठवड्यात, आजारपणात पडतं, आणि त्यानंतर थोड्याच पानांत तो नदीकाठी सोन्यापुढे कोसळतो.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक स्वप्नासाठी चार ओळी पुरतात: आदल्या दिवसात काय घडलं, स्वप्नातली शेवटची कृती, जाग आल्यावर दिसलेली वस्तू, आणि पुढच्या दिवसभरात माणूस काय करतो. अर्थाची ओळ ठेवू नका, ती नंतर आपोआप सुचते. इव्हानचा थोरला भाऊ मित्या कारामाझोव्ह याचं स्वप्न (नववा खंड, प्रकरण 8) असं भरून पाहा. त्याआधी: बापाच्या खुनाच्या आरोपावरून चौकशी. शेवटची कृती: जळालेल्या गावातलं रडणारं तान्हं बाळ, ते का रडतंय असं तो पुन्हा पुन्हा विचारतो आणि आता कोणीच रडू नये म्हणून काहीतरी करायला उठू पाहतो. वस्तू: कोणीतरी झोपेत डोक्याखाली ठेवलेली उशी. पुढे: तो उशी कोणी ठेवली ते विचारतो, कोणी सांगत नाही, आणि चौकशीच्या कागदावर तो सही करतो.