जूनमध्ये बालवाडी सुरू होण्याआधी काय काय तयार ठेवायचं

शाळा १५ जूनच्या आसपास उघडते पण बालवाडीच्या ताईचं काम आठवडाभर आधीच सुरू होतं, आणि यंदा पहिल्यांदाच वर्ग घेणाऱ्या बऱ्याच जणी विचारतायत की नक्की तयारी काय करायची, म्हणून एकदाच सगळं सलग लिहून टाकते. तक्ते, झुरमुळ्या, घोटीव कागदाची फुलं हे सगळं अगदी शेवटी, वेळ उरला तर. तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा घराबाहेर एकटं राहणार आहे, ते रडणार आहे, आणि पहिले पंधरा दिवस त्या रडण्याला नीट सांभाळणं हेच आपलं शिकवणं आहे असं समजून सगळी तयारी करा.

सुरुवात खोलीपासून. झाडून पुसून झालं की वर्गात गुडघ्यांवर बसा आणि तसंच सगळीकडे फिरा, म्हणजे मुलाला काय दिसतं ते कळतं. भिंतीवरची चित्रं आपल्या डोळ्यांसमोर असतात, मुलांना दिसतो फक्त खालचा अर्धा भाग, तर चित्रं खाली घ्या. विजेचे बोर्ड हाताला लागतायत का, खिळे, फरशीचा फुटलेला कोपरा, सगळं बघून घ्या. आमच्या सिंधुदुर्गात जून म्हणजे धो धो पाऊस, त्यामुळे दाराशी जाड पायपुसणं, छत्र्या उभ्या करायला एक डबा, रेनकोट टांगायला मुलांच्या उंचीवर खुंट्या, आणि पागोळ्यांचं पाणी कुठे साचतं ते पाहून ठेवा. पाण्याने भरलेली बादली वर्गात किंवा मोरीत उघडी कधीच ठेवायची नाही, लहान मूल बादलीतल्या थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं. प्यायच्या पाण्याचा पिंप नळाचा घ्या आणि इतक्या खाली ठेवा की मूल स्वतःच्या हाताने पाणी घेईल, सांडलं तर पुसायला त्याच्याच हाताशी फडकं.

मग प्रत्येक मुलासाठी एक चित्र ठरवा. कासव, छत्री, नारळ, होडी, असं काहीही, पण एका मुलाला एकच आणि वर्षभर तेच. खुंटीवर, डब्याच्या जागेवर, हजेरीच्या तक्त्यावर तेच चित्र, शेजारी नाव लिहिलेलं. वाचता येत नसलं तरी दोनतीन दिवसांत मुलं आपली खुंटी बरोबर शोधतात आणि वर दुसऱ्यालाही दाखवतात, तुझी होडी तिकडे आहे म्हणून.

पालकांची मीटिंग शाळा सुरू व्हायच्या आधीच घ्या. प्रत्येक घराकडून काही गोष्टी वहीत लिहून घ्या: मूल शू-शीला काय म्हणतं, झोप कधी येते, कशाला घाबरतं, काही खाल्लं की पुरळ किंवा दम लागतो का, फिट येते का, आणि घरी कुठली भाषा बोलतात. भाषेचं उगाच म्हणत नाहीये. आमच्याकडे मूल ‘माका पाणी व्हया’ म्हणतं, आणि ताईने लगेच ‘असं नाही, मला पाणी पाहिजे म्हण’ असं दुरुस्त केलं की दुसऱ्या दिवसापासून ते तहान लागली तरी गप्प बसतं. आधी पाणी द्या, आणि बोलता बोलता आपण ‘हो का, पाणी पाहिजे तुला’ म्हणा, पुढचं ते आपोआप उचलतं. चिरेखाणीवर कामाला आलेल्या कर्नाटकातल्या घरांची मुलं असतील तर पाण्याला नीरु, आईला अव्वा, असे थोडे कन्नड शब्द त्यांच्या आईकडूनच शिकून घ्या. एवढ्यानेही मूल जवळ येतं, खरंच.

त्याच मीटिंगमध्ये पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक सांगा. पहिले दोनतीन दिवस एकच तास, आई किंवा आजी वर्गात बसली तरी चालेल, मग ती दाराबाहेर, मग घरी, आणि वेळ हळूहळू वाढवायची. आईने लपून पळून जायचं नाही, हे अगदी हात जोडून सांगा. ‘मी जाते, खाऊ झाला की येते’ असं सांगून जायचं आणि खरंच तेव्हा यायचं. ‘रडलास तर आई येणार नाही’ हे वाक्य वर्गात कुणीच, मदतनीसताईंनीसुद्धा, वापरायचं नाही. आईची ओढणी किंवा रुमाल जवळ ठेवायचा असेल तर ठेवू द्या.

सामान फार लागत नाही. लाकडी ठोकळे, भातुकली, मळलेली कणीक किंवा माती, फाडायला जुने पेपर, ओवायला बुटाच्या नाड्या आणि मोठे मणी, पाटी-खडू. दोन टब, चहाचं गाळणं, नरसाळं आणि वेगवेगळ्या मापाचे पेले एवढ्यावर रडणारं मूल अर्धा तास रमतं, पाणी एका पेल्यातून दुसऱ्यात ओततं, गाळण्यातून पाणी राहत नाही हे परत परत करून बघतं, आणि हुंदके कधी थांबले ते त्यालाही कळत नाही (खेळ झाला की टब लगेच रिकामे करा, तोवर तिथून हलू नका). चिंचोके, गुंजा, छोटे मणी तीन वर्षांच्या वर्गात नकोच, नाकाकानात जातात, आणि गुंज तर विषारी असते. खाऊत अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत, घशात अडकतात, कूट किंवा लाडू चालेल.

पेन्सिल मात्र बाजूला ठेवा. पालक विचारणारच, अआइई कधी सुरू करणार, तर उत्तर आधीच तयार ठेवा आणि ठामपणे द्या. मळणं, फाडणं, ओवणं, चिमटीत धरणं यानेच लिहायची बोटं तयार होतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून शिकण्याचा. आणि आपल्याकडे हे काही नवीन नाही, बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला, तिथे वारली मुलं वर्गात येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली, दगड, पानं, शिंपले हेच साहित्य. मूल जिथे आहे तिथून सुरुवात, हे मला आजही सगळ्यात पटतं.

मदतनीसताईंबरोबर एक दुपार बसून कामं वाटून घ्या. मूल शूला गेलं तर सोबत कोण, तेवढ्यात वर्गात कोण, एखादं उलटी करतंय आणि दुसरं दाराकडे पळतंय तर कोण कुठे धावणार. जादा चड्ड्या, टॉवेल, साबण, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, बँडेज एका डब्यात, डबा उंचावर. १०८ नंबर आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर. गाणी आणि गोष्टी पाठ हव्यात, पुस्तकात बघत बसलात तर मुलं उठून जातात, आणि गोलात बसवणं आठदहा मिनिटांच्या वर ताणू नका.

आणि घरी न्यायला कोण येणार त्या दोनतीन माणसांची नावं, फोटो, फोन नंबर प्रत्येक पालकाकडून सहीनिशी घ्या. यादीत नसलेला माणूस आला, अगदी वाडीतला ओळखीचा काका असला तरी, आधी आईला फोन लावा, तोवर मूल तुमच्याजवळच थांबेल, काकांना राग आला तरी चालेल.