बुजरी मांजरं घरात कशी रुळवावीत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमागे, विश्रामबागेतल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, कृष्णाकाठच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर भाटी, म्हणजे मांजराची मादी, व्याली की महिनाभरात पिल्लं बाहेर डोकावायला लागतात. कुणाला तरी कळवळा येतो, दुधाची वाटी पुढे सरकते आणि पिल्लू फिस्कारून आत पळतं. गोदामातला हमाल सांगतो, "हात घालू नका ताई, चावतंय ते." चावतं ते घाबरून, आणि त्याची ही भीती घालवता येते. त्यासाठी एक छोटी खोली हवी, खाण्याच्या ठरलेल्या वेळा हव्यात आणि मांजराच्या गतीनं चालायची तयारी हवी. यातलं तिसरं सगळ्यात अवघड आहे.

आधी ओळखा

मांजर तुमच्याकडे बघून म्याँव करतं, शेपटी उभी ठेवून दोन पावलं पुढे येतं, पण हात लावू देत नाही? मग ते अर्धवट माणसाळलेलं आहे. कधीतरी कुणाच्या घरात राहिलेलं किंवा रोज कुणीतरी खायला घालणारं. पूर्ण भटकं मांजर माणसाशी बोलतच नाही. ते अंग चोरून भिंतीकडेने जातं आणि अंधार पडल्यावरच बाहेर येतं.

वय त्याहून महत्त्वाचं. दोन ते सात आठवडे या काळात पिल्लाला माणूस आपला वाटायला लागतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आठ-पंधरा दिवसांत मांडीवर येऊ शकतं. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला महिना-दोन महिने लागतात, आणि काही तर आयुष्यभर एकाच माणसाची राहतात. वयाचा अंदाज वजनावरून येतो. पाच आठवड्यांचं पिल्लू साधारण अर्धा किलो भरतं, आठ आठवड्यांचं ९०० ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासावीच लागते. उसाला तोड आली की वाळवा, शिराळा, कराडकडच्या फडांत पिल्लं सापडतात आणि लोक ती मांजराची म्हणून घरी आणतात. त्यात रानमांजराची आणि वाघाटीची पिल्लं असू शकतात. वाघाटी जगातल्या सगळ्यात लहान मार्जारांपैकी एक आहे. तिची पिल्लं घरच्या पिल्लांसारखीच दिसतात, अंगावरचे ठिपके नीट पाहिले तरच कळतात. हे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि त्यांना घरात ठेवणं गुन्हा आहे. फडात सापडलेलं पिल्लू उचलू नका. त्या सरीतली तोड थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. आई बहुतेकदा रात्री परत येते.

आईजवळून कधी घ्यावं

गावातली पिल्लं दिसली की लगेच उचलायचा मोह होतो. तो आवरा. आई खायला शोधायला गेलेली असते किंवा जागा बदलत असते. लांबून चार-सहा तास लक्ष ठेवा. पिल्लं उबदार, पोट भरलेली, शांत असतील तर आई येऊन जाऊन आहे. पाच-सहा आठवड्यांची होऊन ती मऊ अन्न खायला लागली की घ्यायची योग्य वेळ आली. आई खरंच नसेल आणि पिल्लू गार पडलं असेल तर आधी ऊब द्या. गार पिल्लाला काही पाजलं तर पचत नाही, जीवावर बेततं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. अंग उबदार झाल्यावर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर कालवून पाजा, पिल्लाला पालथं धरून, उताणं कधीच नाही. गाई-म्हशीच्या दुधानं जुलाब होतात, आणि एवढ्याशा जीवाला एका दिवसाचे जुलाबही झेपत नाहीत.

पकडायला सुकट किंवा उकडलेली कोंबडी पिंजऱ्यात ठेवा. दार पडलं की लगेच वर चादर टाका, अंधार झाला की मांजर शांत होतं. नेण्यासाठी वेगळी पेटी नसेल तर द्राक्षांचे दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून चारी कडांना घट्ट बांधा. हवा खेळते आणि पाय बाहेर निघत नाही.

खोली

मोकळं घर देऊ नका. घर मोठं असेल तर मांजर कपाटामागे जाऊन बसतं आणि आठवडाभर तुम्हाला दिसतही नाही. वापरात नसलेलं न्हाणीघर किंवा लहान बेडरूम उत्तम. खाटेखालची जागा पोत्यांनी बुजवा आणि लपायला बाजूला दार कापलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवा. शी-शूसाठी एका कोपऱ्यात घमेल्यात बारीक वाळू, त्यापासून लांब दुसऱ्या कोपऱ्यात खाणं-पाणी. खिडकीला जाळी हवीच. पत्र्याची खोली एप्रिल-मेमध्ये टाळा. डांबराच्या गोळ्या, कापूर, फिनाईल खोलीतून काढून टाका, मांजराच्या शरीरात हे विष ठरतं. गणपतीच्या आठवड्यात नवीन मांजर घरी आणू नका. मिरवणुकीच्या एका रात्रीत पंधरा दिवसांची कमाई जाते.

घरात आधीचं मांजर असेल तर दोन आठवडे भेट नाही, भांडी वेगळी, आणि प्रत्येक वेळी हात साबणानं धुवायचे. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू कपड्यांवरून, चपलांवरून जातो, फरशीवर महिनोन्महिने टिकतो आणि लस न घेतलेली पिल्लं दोन-तीन दिवसांत घेऊन जातो.

दवाखाना

जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, म्हणून मांजर बघतात का हे आधी फोनवर विचारा. जंताचं औषध पहिल्याच भेटीत. सहा ते आठ आठवड्यांपासून मांजरांची तिहेरी लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. पिसवा असतील तर कुत्र्याची पावडर लावू नका. तिच्यातलं परमेथ्रिन मांजराला मारतं. लहान पिल्लाला उवांच्या बारीक फणीनं विंचरा आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवत राहा. ताप वाटला तरी पॅरासिटामॉल नाही, अर्धी गोळीसुद्धा नाही. तिनं मांजर मरतं.

जवळीक

पहिले दोन दिवस फक्त खाणं, पाणी, साफसफाई. त्यानंतर रोज ठरलेल्या वेळी खोलीत जाऊन जमिनीवर बसा. उभा माणूस मांजराला डोंगराएवढा दिसतो. त्याच्याकडे तोंड न करता कुशीनं बसा. मी मेथी निवडायला घेऊन बसते. हात संथ चालतात, पेंडीचा सळसळ आवाज त्याच्या ओळखीचा होतो आणि माझं लक्ष त्याच्यावर खिळलेलं नाही हे त्याला कळतं. नजरानजर झालीच तर डोळे हळूच मिटा, हळूच उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये हेच तपासलं होतं. असे सावकाश डोळे मिटणाऱ्या माणसाजवळ मांजरं जास्त येतात.

कोरडं खाणं खोलीत असू द्या. पिल्लाला उपाशी ठेवून माणसाळवणं क्रूरपणा आहे आणि त्यानं पिल्लू आजारी पडतं. चविष्ट खाणं मात्र फक्त तुमच्या हातून. बिनमिठाची, हळद-कांदा-लसूण न घालता उकडलेली कोंबडी कुस्करा आणि लांब दांड्याच्या लाकडी चमच्याच्या टोकावर घ्या. चमचा खोक्याच्या दारापाशी जमिनीला टेकवून धरा. आधी फिस्कारणं येतं, एखादा पंजाही बसतो. चमचा मागे घेऊ नका, पुढेही सारू नका. कान आडवे झालेले असतात, मग एक कान पुढे वळतो, मग नाक हलतं. मान लांब होते, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत तसेच. जीभ एकदा लागते आणि ते मागे सरतं. परत येतं तेव्हा चमचा स्वच्छ होईपर्यंत थांबतं. दुसऱ्या दिवशी दांडा थोडा खालून धरा, तिसऱ्या दिवशी आणखी खालून. शेवटी खाणं तुमच्या बोटावर असतं.

बोटावरून चाटायला लागलं की खाताना गालाला एक बोट लावा. डोक्यावरून हात नेऊ नका, वरून येणारी सावली त्याला घारीसारखी वाटते. गाल, हनुवटी, मग पाठ. पोट नाही. शेपटी आपटायला लागली, बुबुळं मोठी झाली की हात काढा आणि त्या दिवसापुरतं थांबा. खेळायला काठीला बांधलेली नाडी चांगली, खेळ संपला की ती उचलून ठेवा, कारण गिळली तर आतडी आवळतात. हाताशी मात्र खेळू देऊ नका. आज गंमत वाटते, सहा महिन्यांनी तेच दात लागतात.

भावंडं एकत्र असतील तर धीट पिल्लू बाकीच्यांना वाट दाखवतं. एखादं त्याच्या पाठीमागेच लपून राहत असेल तर रोज थोडा वेळ त्याला एकट्याला घेऊन बसा. कुकरची शिट्टी, मिक्सर, लहान मुलांचे आवाज हळूहळू, आधी दाराआडून. तुमच्यासमोर अंग चाटणं, पाठ करून झोपणं, शेपटी उभी करून दारापर्यंत येणं, हे दिसलं की खोलीचं दार उघडायला हरकत नाही.

चावलं, ओरबाडलं तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा, रेबीजची लस तिथे मोफत मिळते. पिल्लू लहान आहे, जखम बारीक आहे म्हणून टाळू नका. हे काम नेहमी करणार असाल तर आधीच घ्यायची लस डॉक्टरांना विचारून घेऊन ठेवा. घरात कुणी गरोदर असेल तर घमेलं तिनं साफ करू नये.

मोठ्या बोक्याचं, भाटीचं काय

दोन-चार वर्षं गोदामात काढलेलं मांजर खोलीत कोंडून मांडीवर यावं हा हट्ट धरू नये, असं माझं ठाम मत आहे. ते त्याच्या जागी सुखी आहे. त्याला पकडा, नसबंदी आणि रेबीजची लस करा, बेशुद्धीतच एका कानाचं टोक थोडं कापून घ्या म्हणजे झाल्याची खूण राहते, आणि बरं झाल्यावर जिथून आणलं तिथेच सोडा. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. म्हणून पिल्लं घेतली तरी आईची नसबंदी चुकवू नका. लांब नेऊन सोडणं हा मार्ग नाही. अनोळखी जागी तिला ना पाणी सापडतं ना आडोसा. पाळलेलं मांजर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे.

दुसऱ्या घरी देताना

घेणाऱ्याला आधी दोन-तीनदा घरी बोलवा आणि चमचा त्याच्या हातात द्या. खिडक्यांना जाळी आहे का, सगळ्यांची संमती आहे का, उंदीर मारायचं औषध घरात ठेवतात का, हे स्पष्ट विचारा. शक्यतो दोन भावंडं एकत्र द्या. मांजरासोबत त्याचं अंथरुणाचं फडकं आणि वापरातली थोडी वाळू पाठवा. नव्या घरातही सुरुवात एकाच खोलीतून करायची. पहिले काही दिवस ते पुन्हा लपेल, फिस्कारेल, खाणार नाही. घेणाऱ्याला हे देतानाच सांगून ठेवा, आणि दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर दवाखान्यात न्यायलाही सांगा.