गाडीच्या आरशाचं कव्हर, बंपर घरीच स्प्रे कॅनने रंगवायचं असेल तर

रंग मारणं शेवटचं काम, खरी मेहनत आधीच्या तयारीत आहे. पार्ट शक्यतो काढूनच घ्या, आणि घासायच्या आधी भांड्याच्या साबणाने स्वच्छ धुवा, कारण पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि मग सगळं परत उतरवावं लागतं.

वाळलं की ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी मारत घासा, चमक पूर्ण जायला हवी, कडा आणि खाचा विसरू नका, रंग तिथूनच सुटतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको हं, काही प्लास्टिक विरघळतं त्याने.

आता पार्टच्या आतल्या बाजूला बघा, PP म्हणजे पॉलिप्रोपिलीन असं लिहिलंय का. बहुतेक बंपर पॉलिप्रोपिलीनचे असतात आणि त्यावर साधा प्रायमर धरतच नाही, आधी प्लास्टिक प्रायमर म्हणजे अ‍ॅढिजन प्रमोटरचा (प्लास्टिकवर रंग चिकटवणाऱ्या थराचा) पातळ हात लागतोच, इथे पैसे वाचवू नका.

त्यावर प्रायमर, वाळला की ८०० ने हलकं घासा, पुसा, मग रंग. कॅन दोन मिनिटं हलवा, २०-२५ सेंटीमीटर लांब धरा, हात सतत फिरता ठेवा. पातळ तीन-चार हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. शेवटी क्लिअर कोट, म्हणजे रंगाच्या वरचा पारदर्शक थर.

पावसाळ्यात टाळा, दमट हवेत रंग पांढरट पडतो. आणि कापडी मास्क चालत नाही, रंगाची वाफ अडवणारा कार्ट्रिजवालाच घ्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद.