जुन्या बुलेटवर मराठवाडा फिरायचाय? मुक्काम फिटर बघून ठरवा

मराठवाड्याची मोठी फेरी आखायची म्हटलं की लोक आधी देवळं, किल्ले, लेणी यांची यादी करतात. गाडी पंचवीस-तीस वर्षांची असेल तर सुरुवात दुसरीकडून करायची. संध्याकाळी पाचनंतरही जिथे बुलेटचा फिटर आणि स्पेअरचं दुकान सापडेल, तिथे मुक्काम. देव काय, वाटेत भेटतोच.

माझी 350 लोखंडी इंजिनाची, उजव्या पायात गिअर असलेली. पुढचं सगळं तिच्याच भरवशावर लिहितोय.

आधी रस्ता

दिवसाला दीडशे ते दोनशे किलोमीटर, त्यापुढे हाव नको. छत्रपती संभाजीनगरहून जालना करत परभणी. दुसऱ्या दिवशी औंढा नागनाथ बघून नांदेड. तिसऱ्या दिवशी लातूर. चौथ्या दिवशी तुळजापूर, नळदुर्गचा किल्ला आणि मुक्कामाला धाराशिव. मग बीड, मग घर. साधारण सव्वाआठशे किलोमीटर, सहा दिवस. नवी गाडीवाले तीन दिवसांत उरकतात, त्यांना उरकू द्या.

मोबाइलचा नकाशा जालन्याकडे जाताना समृद्धी दाखवेल. त्यावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा जुनाच रस्ता धरा.

निघावं दसऱ्यानंतर, जानेवारी संपायच्या आत. पावसात आडरस्त्याची काळी माती मडगार्डात अशी बसते की चाक फिरत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात लोखंडी इंजिन दर तासाला सावली मागतं. थंडीत वाटेवर हुरडाही मिळतो. एकच गोष्ट सांभाळा : तेव्हा उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चालतात, आणि आपल्या गाडीचा उजेड म्हणजे जेमतेम कंदील. दिवेलागणीच्या आत गाडी स्टँडवर हवी.

मग गाडी

निघायच्या तीन आठवडे आधी हात घाला. आदल्या रात्री नाही. ऑईल बदला, 20W-50. पॉइंटची, म्हणजे प्लगची ठिणगी घडवणाऱ्या उघडझाप संपर्काची, फट 0.35 ते 0.40 मिमी ठेवा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे भाग, इंजिन गार असतानाच बघायचे : पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून पुशरॉड (टॅपेटवरची उभी दांडी) दोन बोटांत धरा. ती सहज फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पेट्रोलचा रबरी पाइप जुना असेल तर टाकून द्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही.

आता क्लच वायर. एकदा नळदुर्गच्या अलीकडे माझी तुटली. डिकीत नवीकोरी होती, म्हणून मी निवांत. बसवायला घेतली तर चार बोटं आखूड! दुकानदाराने भलत्याच मॉडेलची दिली होती आणि मीही लावून बघितली नव्हती. तेव्हापासून नवी वायर घरीच बसवतो आणि उतरवलेली, चालती, जुनी वायर सोबत नेतो. तिची लांबी तरी ठाऊक असते. पॉइंटसोबतच्या कंडेन्सरचंही तेच. नवा आठवडाभर चालवून बघायचा, जुना डिकीत.

बाकी प्लग, अ‍ॅक्सिलेटरची वायर, मागची ट्यूब, चेनचं लॉक, फ्यूज, तार, पकड आणि चाकाच्या नटाला बसणारा पाना. आरसीचं नूतनीकरण, विमा, पीयूसी तपासा; पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची आरसी संपलेली अनेकांच्या ध्यानातही नसते.

सगळं झालं की चाचणी म्हणून वेरूळला जाऊन या. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. मंगळवारी लेणी बंद असतात, तो दिवस सोडा. घरी आल्यावर गाडीखाली वर्तमानपत्र पसरा. सकाळी कागदावर ऑईल कुठे टपकलंय ते बघा आणि त्या जागेवरचे नट-बोल्ट आवळा. दोन-चार थेंब पडणारच, ते मनावर घेऊ नका. थारोळं असेल तर मात्र फिटर गाठा.

रस्त्यावर

साठच्या आसपास चालवा, दर तासाला दहा मिनिटं थांबा. चहाच्या टपरीवर म्हातारी माणसं येऊन “कोणतं मॉडेल?” विचारतातच, तोवर इंजिनही निवतं. धाराशिवहून बीडला जाताना मांजरसुंब्याचा घाट उतरायचा असतो. तिथे ड्रम ब्रेकवर विसंबू नका; वरूनच खालचा गिअर टाका.

रोज सकाळी ऑईल, चेनचा ताण, हवा बघून घ्या. चावी लावा, किक हळूच दाबत अँपिअर मीटरचा (बॅटरीचा करंट दाखवणारा) काटा मधे येईपर्यंत थांबा. मग डिकंप्रेसर (सिलिंडरातला दाब सोडणारा खटका) ओढून किक जराशी पुढे सरकवा, डिकंप्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि एकच दणका, पूर्ण खालपर्यंत.