होडीला छोटं आऊटबोर्ड मशीन: कोणतं घ्यायचं आणि मधेच बंद पडलं तर कुठून सुरुवात करायची

मागच्या दोन-तीन महिन्यांत ओळखीच्या चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला की होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं आऊटबोर्ड मशीन किती एचपीचं घेऊ, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. मी पुण्यात राहतो, होडी भिगवणजवळ उजनीच्या बॅकवॉटरला असते, शनिवारी पहाटे चारला निघून सोलापूर रोडने शंभरेक किलोमीटर जायचं आणि ऊन चढायच्या आत पक्षी बघून परत फिरायचं असा आमचा नेम. किती एचपी हा प्रश्न माझ्या मते दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की मशीन पाण्याच्या मध्यावर बंद पडलं तर तुम्हाला ते बसल्या जागी उघडून चालू करता येईल का. ज्या मशीनबद्दल याचं उत्तर हो येतं ते घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

पहिल्याच उन्हाळ्यात आमचं मशीन किनाऱ्यापासून लांब बंद पडलं. दहा मिनिटं छान चाललं, मग आवाज बसला आणि गप्प. दोरी ओढली की चालू व्हायचं आणि मिनिटभरात परत बंद. दुपारचा वारा सुटला होता, होडी आडवी व्हायला लागली, सोबत भाचा होता, हातापायातलं बळ गेलं होतं माझ्या. जाळं काढून परत निघालेला एक मच्छीमार जवळ आला, त्याने मशीनला हातही लावला नाही, पेट्रोलच्या पाइपमधला रबरी फुगा बघितला, तो चपटा झाला होता, आणि म्हणाला, "सायब, आधी टाकीची हवा सोडा की." टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू बंद राहिला होता. टाकीत हवा जात नाही, आत पोकळी तयार होते, पंप पेट्रोल ओढू शकत नाही, इंजिन उपाशी मरतं. स्क्रू दोन आटे फिरवला, फुगा फुगला, मशीन चालू. त्या दिवसापासून मी आधी टाकी बघतो, मग पाइप, आणि मशीनचं कव्हर सगळ्यात शेवटी उघडतो.

आता घेण्याबद्दल.

होडी किती फुटांची, माणसं किती, आणि तुम्हाला जायचंय कुठे एवढं आधी ठरवा. होडी पाणी कापत चालते तोपर्यंत तिच्या वेगाला एक नैसर्गिक मर्यादा असते, पाण्यातल्या लांबीच्या (फुटांत) वर्गमुळाला १.३४ ने गुणलं की नॉटमध्ये वेग येतो, म्हणजे १४ फुटांच्या होडीला साधारण ५ नॉट, ताशी ९ किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यासाठी ४-५ एचपी पुरतं. त्याच होडीला १० एचपी लावलं आणि चार माणसं बसवली तर वेग थोडाच वाढतो, मागचा भाग खाली बसतो, पुढचं नाक वर येतं आणि पेट्रोल दुप्पट जळतं. होडी पाण्यावर उचलली जाऊन घसरत पळायला हवी असेल तर तळही तसा सपाट हवा आणि वजनाच्या मानाने ताकद बरीच जास्त हवी, चार माणसांना १५ च्या खाली विषय काढू नका. माझा ढोबळ हिशोब असा: ८-१० फुटी रबरी बोटीला अडीच ते पाच, १२-१४ फुटी फायबरच्या होडीला पाच ते आठ, १६ फुटांच्या पुढे माणसं भरून न्यायची असतील तर ९.९ किंवा १५. होडी बनवणाऱ्याने जास्तीत जास्त किती एचपी चालेल ते सांगितलं असेल तर त्याच्यापेक्षा मोठं मशीन लावू नका, मागची फळी तेवढ्याच ताणाची असते.

आपल्याकडे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद हजार फुटांमागे साधारण ३ टक्के कमी होते, म्हणजे खडकवासला, पानशेत, पवना या उंचीवर तुमच्या १० एचपीतले साडेनऊच मिळतात. फार नाही, पण अगदी काठावरचा आकडा निवडला असेल तर जाणवतं.

शाफ्ट म्हणजे मशीनचा पाण्यात उतरणारा दांडा, त्याची लांबी चुकली की सर्वात जास्त पैसे वाया जातात. होडीच्या मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत मधोमध टेप लावा. १५ इंचांच्या आसपास असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० च्या आसपास असेल तर लाँग. मशीन बसवल्यावर पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला पाहिजे. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि नुसता घुमतो, फार खाली गेली तर उथळ पाण्यात गाळात रुततं, आणि उजनीत उन्हाळ्यात पाणी उतरलं की उथळच असतं सगळं. माझ्या एका मित्राला दुकानदाराने "चालून जाईल हो" म्हणत लाँग शाफ्ट दिलं, त्याला शेवटी मागच्या फळीवर लाकूड वाढवून घ्यावं लागलं. टेप लावल्याशिवाय पैसे देऊ नका.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक यावर लोक तावातावाने भांडतात. टू-स्ट्रोक हलकं, आत पार्ट कमी, दुरुस्ती सोपी, यामाहाची एन्ड्युरो सिरीज त्यासाठीच कामाच्या लोकांना आवडते. पण धूर होतो, ऑइल मिसळत बसावं लागतं आणि पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. फोर-स्ट्रोक शांत चालतं, पेट्रोल कमी खातं, वजन मात्र १५ एचपीला दहा-बारा किलोंनी जास्त. मी स्वतः पक्ष्यांसाठी जातो म्हणून फोर-स्ट्रोक वापरतो, रोज जाळी टाकणाऱ्याला मी टू-स्ट्रोकच सांगेन. टू-स्ट्रोक घेतलंत तर ऑइलचं प्रमाण बहुतेकांना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरला १०० मिली. नवीन मशीनला सुरुवातीचे काही तास बहुतेक कंपन्या दुप्पट सांगतात, मॅन्युअलमध्ये बघा. आणि कृपा करून पंपावरचं स्कूटरचं टू-टी टाकू नका, ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं आहे, पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या मशीनला डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं लागतं.

दोघांचीच होडी आणि छोटा तलाव असेल तर बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर बघा. ५५ पाउंड थ्रस्टची (म्हणजे ढकलायच्या जोराची) मोटर १२ व्होल्टवर पूर्ण स्पीडला साधारण ५० अँपिअर खाते, १०० एएचची (अँपिअर-तासांची) लेड अ‍ॅसिड बॅटरी तासाभरात दमते, अर्ध्या स्पीडला बराच जास्त वेळ मिळतो. वाऱ्याविरुद्ध भरवसा नाही, पण आवाज नाही, तेल नाही. खडकवासल्याचं पाणी आपल्याच नळाला येतं हे डोक्यात ठेवा. आणि कुठल्याही धरणात होडी टाकण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी आणि मशीनवाल्या होडीची नोंदणी हे दोन्ही विचारून घ्या, मशीन घेतल्यावर नाही, आधी.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. गरम इंजिन कसंही चालू होतं, गार असताना कितव्या दोरीला उठतं ते बघायचंय. मग गिअर ऑइलचा खालचा स्क्रू जरा सैल करून थेंब बोटावर घ्या, दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. कोकणातून आलेलं मशीन असेल तर कव्हर काढून बोल्टांवर पांढरा खार आणि फुगलेला रंग शोधा. बिल आणि सिरीयल नंबरची पट्टी नसेल तर कितीही स्वस्त असू दे, सोडून द्या.

आता बंद पडण्याबद्दल, इथे जरा सावकाश वाचा.

मशीन थांबलं आणि वारा असेल तर सगळ्यात आधी नांगर टाका. दुरुस्ती नंतर. २१ मे २०२४ ला याच उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. लाईफ जॅकेट अंगात घातलेलं पाहिजे, सीटखाली कोंबलेलं नाही, आणि वल्ही होडीत असलीच पाहिजेत.

चालूच होत नसेल तर आधी किल स्विचची (इंजिन झटकन बंद करायच्या बटणाची) लाल क्लिप जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का, हवेचा स्क्रू उघडा आहे का ते बघा. मग रबरी फुगा, त्यावरचा बाण इंजिनाकडे ठेवून घट्ट होईपर्यंत दाबा. फुगा घट्टच होत नसेल तर कुठेतरी हवा ओढतोय, बहुतेक वेळा पाइपच्या कनेक्टरमधली छोटी ओ-रिंग चिरलेली असते, ती आणि पाइपच्या क्लिपा मी पुण्याच्या बोहरी आळीच्या बाजारातून जास्तीच्या आणून डब्यात ठेवतो. एवढं करून झालं नाही तर प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण जास्त झालंय किंवा ठिणगी नाही, मग ओढलेला चोक परत आत ढकला, प्लग पुसा, प्लगशिवाय पाच-सहा वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर पडू द्या, पाच मिनिटं वाफ उडू द्या, नवीन प्लग लावा. नवीन प्लग आणि पान्याशिवाय मी पाण्यात जात नाही.

चालू होऊन थोड्या वेळाने मरत असेल तर मरता मरता कोणीतरी फुगा दाबून बघा. दाबल्यावर इंजिन सावरलं तर दोष टाकी, पाइप, फिल्टर किंवा पेट्रोल पंपात आहे, कार्बोरेटर उघडू नका. फक्त चोक ओढल्यावरच चालत असेल तर कार्बोरेटरचा बारीक जेट तुंबलाय. तो क्लीनरच्या फवाऱ्याने साफ करा, तारेने कोचू नका, भोक मोठं झालं की मशीन परत कधी धड चालत नाही.

यातलं बरंचसं आता पेट्रोलमुळे होतं. पंपावर आता ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि बऱ्याच आऊटबोर्डना कंपनीने १० टक्के इथेनॉलपर्यंतच मान्यता दिलेली असते, तेव्हा घेतानाच हे विचारा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पाणी जास्त झालं की ते मिश्रण वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पाइप तळातूनच ओढतो. टू-स्ट्रोकमध्ये त्या खालच्या थरात ऑइलही नसतं, त्यामुळे इंजिन जाम व्हायची भीती. शंका आली तर तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवा, दोन थर दिसले तर ते सगळं बाजूला काढा. मी लागेल तेवढंच भरतो आणि महिन्यापेक्षा जुनं वापरत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची धार. मशीन चालू असताना मागून जी बारीक पिचकारी उडते ती बघायची सवय लावा, ती थांबली की लगेच इंजिन बंद. आधी त्या भोकात गवताची काडी किंवा नायलॉनचा जाड दोरा घालून बघा, दोन-तीन महिने शेडमध्ये पडलेल्या मशीनच्या भोकात कुंभारीण मातीचं घर करते, माझ्याकडे दोनदा केलंय. मग मशीन वर उचलून खालच्या जाळीवर प्लॅस्टिक किंवा जलपर्णी अडकली आहे का ते काढा. तरी धार नाही तर आतला रबरी इंपेलर, म्हणजे थंड करायचं पाणी वर ओढणारं पाकळ्यांचं चाक, गेला. तो पाण्याशिवाय चालवला की काही सेकंदांत करपतो, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये "आवाज तरी बघू" म्हणून कोरडं चालू करू नका, पाण्याच्या पिंपात बुडवूनच करा. बदलताना जुन्या इंपेलरच्या पाकळ्या मोजा, तुटलेला तुकडा सापडला नाही तर तो पुढे जाऊन पाण्याची वाट अडवतो.

इंजिन ओरडतंय पण होडी पुढे जात नाही असं झालं तर पंख्याला जलपर्णी गुंडाळली आहे का, मग शिअर पिन (पंखा अडकला की मुद्दाम आधी तुटणारी छोटी पिन) तुटली आहे का ते बघा. पिन नसलेल्या पंख्यात रबरी बुश असतो, तो सुटतो. आत्ताच पंख्याच्या मधल्या नळीवर आणि बाहेरच्या भागावर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवा, बुश घसरला की रेघेचे दोन तुकडे वेगवेगळ्या जागी दिसतात. तसं झालं तर अगदी हळू स्पीडने किनारा गाठता येतो. आणि दर काही फेऱ्यांनी पंखा काढून शाफ्टवर जाळ्याची नायलॉन दोरी गुंडाळलेली आहे का बघा, ती सील कापते आणि मग ते दुधाळ गिअर ऑइल.

मशीन पाण्यात पडलंच तर काढल्यावर लगेच चालू करायचा मोह आवरा. गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढून दोरी ओढत सगळं पाणी बाहेर काढा, सिलिंडरमध्ये ऑइल सोडा आणि त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या.

परत निघताना शेवटची पाच मिनिटं पाइप काढून मशीन आपोआप बंद होईपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. हर्णै किंवा मुरुडला खाऱ्या पाण्यात नेलं असेल तर गोड्या पाण्याच्या पिंपात दहा-पंधरा मिनिटं चालवायचंच. गाडीत ठेवण्याआधी ते उभं धरून आतलं पाणी गळू द्या, आणि फोर-स्ट्रोक आडवं करताना कंपनीने खूण केलेल्या बाजूवरच ठेवा, नाहीतर इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये जातं आणि पुढच्या शनिवारी पहाटे दोरी हलत नाही.