पावसाआधीची तयारी: चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून

कोरड्या रस्त्यावर चाक जागच्या जागी फिरलं की लपत नाही. टायर किंचाळतो, जळक्या रबराचा वास सुटतो, मागे काळा पट्टा उमटतो. ओल्या रस्त्यावर यातलं काहीच होत नाही. इंजिनाचा आवाज क्षणभर चढतो, खालून सुर्रकन काहीतरी होतं आणि गाडी निघते. झिजलेलं रबर पाण्याबरोबर वाहून जातं, त्यामुळे खूणही राहत नाही. एका फेऱ्यात होणारी झीज कोरड्यापेक्षा ओल्यात कमीच असते, कारण पाणी घर्षणही कमी करतं आणि टायरला थंडही ठेवतं. पण कोरड्या रस्त्यावर चाक फिरवायला मुद्दाम रेस द्यावी लागते. ओल्यात नेहमीइतका पाय पडला तरी चाक सुटतं, तेही प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक चढावर. आणि झिजते ती नेमकी पाणी बाहेर काढणारी नक्षी. म्हणजे आज फिरलेलं चाक उद्या आणखी सहज फिरणार. ही साखळी सुरू होण्याआधीच तोडायची, म्हणून ही तयारी पहिल्या पावसाआधी करायची.

सुरुवात खाचेच्या खोलीपासून. कारच्या नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. टायरच्या कडेवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं शोधा आणि त्यांच्या रेषेत खाचेत पाहा. तिथे तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसेल. नक्षी त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. पण पावसाचा विचार केला तर १.६ पर्यंत थांबणं मला अजिबात पटत नाही. ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर साचलेलं पाणी पुरेसं बाहेर टाकू शकत नाही, आणि पाण्यावर चढलेलं चाक फिरायला कितीसा वेळ लागणार? म्हणून ८ मधले ५ मिलिमीटरच आपले, असं धरून चाला.

मोजताना एकाच जागी मोजून मोकळं होऊ नका. आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड अशा तीन जागी, आणि चाक थोडं थोडं फिरवून पुन्हा मोजा. आतली कड उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवलं तर पुढच्या चाकांची दिसते, मागच्यांसाठी वाकावंच लागतं. मग पुढच्या आणि मागच्या टायरची तुलना करा. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते ती आधी झिजणारच. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात असेल तर वळण्याचा आणि ब्रेकचा बराचसा भारही त्यांच्यावरच असतो. पण दोन्हींतला फरक फार वेगाने वाढत असेल, तर गाडी सुटताना पाय जड पडतोय का, हे तपासायला हवं.

यानंतर हाताने पाहायचं. गाडी उभी, चाक थंड. तारा किंवा काचा अडकलेल्या नाहीत ना, ते आधी पाहून तळवा टायरवर आडवा फिरवा, बाहेरून आत आणि परत आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर चाकांची दिशा बिघडलेली आहे, अलाइनमेंट करून घ्या. असं चाक सरळ रस्त्यावरही सतत थोडं आडवं घासत जातं. पकडीचा काही भाग त्यातच खर्च होतो आणि जोर लावायच्या वेळी चाक लवकर सुटतं. दुसरी खूण नक्षीच्या ठोकळ्यांवर दिसते. बोट पुढून मागे न्या. ठोकळ्याची एक कड गोलसर झालेली आणि दुसरी धारदार राहिलेली असेल, तर तिथे रबर एकाच बाजूने घासलं जातंय. पृष्ठभागावर चकाकी आलेली आणि नख दाबल्यावर कडकपणा जाणवला, तर तो टायर एकदा तरी जास्त तापलेला आहे किंवा जुना झालाय. चिरा मात्र नीट प्रकाशात बघा. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, पाणी धारेला वंगणाचं काम करतं. ओल्या खडीवर किंवा फुटलेल्या काचेवर फिरलेलं चाक वरून ठीक दिसतं आणि खाचेच्या तळाशी चीर घेऊन बसलेलं असतं.

हे झिजलेलं रबर जातं कुठे, हेही जाता जाता सांगते. गटार, नाला, नदी. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने अमेरिकेच्या वायव्य भागातल्या ओढ्यांमध्ये पावसानंतर कोहो सॅमन मासे का मरतात, त्याचं कारण शोधलं. टायरला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात घातलेल्या सिक्स-पीपीडी या रसायनापासून ओझोनमुळे तयार होणारा एक पदार्थ त्यांना मारत होता. टायर जपायला मला हे एक कारणसुद्धा पुरेसं वाटतं.

हवेच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे: पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते. डांबरी रस्त्यावर हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा आवळल्या जातात आणि पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही. विमानांच्या टायरवर नासाने १९६०च्या दशकात केलेल्या अभ्यासातून एक सूत्र निघालं. साचलेल्या पाण्यावर टायर ज्या वेगाला तरंगू लागतो, तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या हिशेबाने ३२ पीएसआयला ताशी साधारण ९४ किलोमीटर, तर २४ पीएसआयला साधारण ८२. कारच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत आणि नक्षी झिजलेली असेल तर ती वेळ बरीच आधी येते, पण दिशा स्पष्ट आहे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब ठेवा, तोही टायर थंड असताना मोजून. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआय कमी होतो, त्यामुळे उन्हाळ्यात भरलेली हवा पावसाळी पहाटे कमीच भरते.

टायरचं वय बाजूच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपुढच्या टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्या. खाच शिल्लक असली तरी कडक झालेलं रबर रस्त्यातल्या ओल्या खडबडीत दगडाला घट्ट धरत नाही. नवा टायर घेताना फक्त ‘जास्त टिकेल’ हा निकष लावू नका. अमेरिकन पद्धतीच्या टायरवर झिजेच्या अंकाशेजारी पकडीची श्रेणी छापलेली असते: एए, ए, बी किंवा सी. ती ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारून ठरवलेली असते. युरोपच्या लेबलवर ओल्या पकडीची ए ते ई अशी वेगळी श्रेणी मिळते. टिकाऊपणा आणि ओली पकड, दोन्ही शेजारी ठेवून मग ठरवा.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तरीही. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की बहुतेक वेळा सावरते. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते, तिथे सावरायला वेळ नसतो. याचा अर्थ झिजलेले टायर ओढणाऱ्या चाकांवर राहणार आणि ती जास्त फिरणार, हे मान्य करून पाय हलका ठेवावा लागतो. परवडत असेल तर चारही बदला. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तर चार टायरची झीज जवळपास सारखीच हवी, नाहीतर मधल्या डिफरन्शियलवर, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचावर, सतत ताण येतो.

डिकीत दाब मोजायचं मीटर, हवा भरलेली स्टेपनी, जॅक, पाना, टॉर्च, टोचन करायचा पट्टा, एक लहान फावडं आणि दोन जाड गोणपाटं. स्टेपनीतली हवा तपासायला सगळे विसरतात.

आता गाडीतली बटणं. ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर ते चाकांच्या वेगातला फरक ओळखतं, इंजिनाची ताकद कमी करतं आणि फिरणाऱ्या चाकाला हलका ब्रेक लावतं. घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकला, म्हणजे त्या क्षणी चाक फिरतंय. त्या दिव्याकडे मी पायाची चुकलेली मात्रा म्हणून बघते. ही यंत्रणा चाक सुटू लागल्यावरच काम करते, त्यामुळे झीज थोडी तरी झालेलीच असते. ओल्या रस्त्यावर ती बंद करू नका. दिवा नसलेल्या गाडीत आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा उडी मारतो आणि गाडीचा वेग तेवढाच राहतो, तीच खूण. क्रूझ कंट्रोल, म्हणजे पाय न लावता वेग कायम ठेवणारी सोय, पावसात बंदच ठेवा, पाण्यावर चढलेल्या चाकाला ते उगाच जोर देऊ शकतं. विजेवर चालणाऱ्या गाडीत शून्य वेगापासूनच पूर्ण जोर मिळतो, म्हणून सौम्य मोड आधीच निवडून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची तयारी पायाची, आणि ती रिकाम्या रस्त्यावर आधी करून बघण्यासारखी आहे. चाकाची पकड सर्वांत जास्त असते ते चाक गाडीपेक्षा साधारण १० ते २० टक्के जास्त फिरत असताना. त्यापुढे जितकी रेस द्याल तितका पुढे ढकलणारा जोर कमी होतो आणि झीज वाढते. म्हणून चाक सुटल्यावर थोडा पाय काढणं हाच लवकर निघण्याचा मार्ग असतो. गिअरच्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये सुरुवात करा, क्लच सावकाश सोडा. सुटण्याआधी स्टिअरिंग सरळ करा, वळलेलं चाक एकाच वेळी वळणंही आणि ढकलणंही करत असतं. सिग्नलला थांबताना एक सवय लावून घ्या: ओढणारी चाकं पांढऱ्या पट्ट्यावर, गटाराच्या झाकणावर किंवा लोखंडी पत्र्यावर येणार नाहीत अशी गाडी उभी करा. पट्ट्याच्या रंगावर पाणी पडलं की तिथे दगडाचा खरखरीतपणा उरत नाही. चाक त्या रंगावर फिरतं आणि पट्टा संपताच डांबराला एकदम चावतं. तो झटका टायरला बसतो आणि एक्सललाही. पुलाखालच्या किंवा दाट झाडाखालच्या कोरड्या तुकड्यावर येतानाही असंच होतं. बराच काळ कोरडं गेल्यावरचा पहिला पाऊस सर्वांत निसरडा, कारण साचलेली धूळ आणि तेल तेव्हा नुकतंच ओलं झालेलं असतं. चढावर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा, म्हणजे घाईने निघावं लागणार नाही. दुचाकीवर तर मागचं चाक सुटलं की तोल जातो, त्यामुळे पट्टे आणि झाकणं उभ्यानेच, न झुकता आणि रेस न देता ओलांडा.

गाडी रुतली तर काय करायचं हे घरूनच ठरवून निघा, कारण अशा वेळी रेस देत राहण्याचा मोह फार मोठा असतो. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एक चाक थांबलेलं आणि दुसरं फिरत असेल, तर फिरणाऱ्या चाकाचा वेग काट्यावर दिसतो त्याच्या दुप्पट असतो. काटा ५० दाखवतो तेव्हा चाक १०० ला फिरतंय. म्हणूनच टायर बनवणारे सांगतात की अडकलेल्या गाडीचा काटा ५५ च्या पुढे कधीही नेऊ नये. टायर फुटून आजूबाजूच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. बाहेरून पाणी उडत असल्यामुळे टायर थंड वाटतो, आतलं रबर आणि तारा मात्र तापत असतात. माझ्या मते काटा २० ला पोचायच्या आतच पाय काढावा. चाकामागे किंवा समोर कोणालाही उभं राहू देऊ नका, धक्का मारणाऱ्यांनाही नाही. आधी चाकासमोरचा चिखल काढा, गोणपाट खाली सारा, स्टिअरिंग सरळ करा. ट्रॅक्शन कंट्रोल ताकद तोडून गाडी हलूच देत नसेल तर फक्त तेवढ्यापुरतं बंद करा. मग हळूच पुढे-मागे झुलवा. चार-पाच प्रयत्नांत निघाली नाही तर टोचन बोलवा. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सही तापतो, त्यामुळे तिथे आणखी लवकर थांबा.

बाहेर पडल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल पुन्हा सुरू करा. दुसऱ्या दिवशी चारही टायर धुऊन नक्षी, बाजूची भिंत आणि आतली कड उजेडात पाहा. फुगवटा किंवा धागे दिसणारी चीर असेल तर स्टेपनी लावून मगच गाडी हलवा. रिमच्या आतला चिखल पाण्याच्या फवाऱ्याने काढा. तो एका बाजूला वाळून राहिला तर साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक बॅलन्सिंगला धावतात.