प्लायवर मिश्रमाध्यम: आधी काय, नंतर काय

स्वतःच शिकणाऱ्यांची मिश्रमाध्यमातली, म्हणजे एकाच फळीवर रंग, कागद, कापड, वस्तू एकत्र आणणारी चित्रं कल्पना तोकडी म्हणून क्वचितच बिघडतात. बिघडतात ती थरांचा क्रम चुकल्यामुळे.

कॅनव्हास नको, वजनाने त्याला झोळ येतो. १२ बाय १६ इंचांचा, ९ मिमी जाडीचा प्लाय घ्या. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि पुढून, मागून, चारही कडांना ॲक्रिलिक प्रायमरचे (रंगाआधीच्या अस्तराचे) दोन हात द्या. मागची बाजू बहुतेक जण सोडतात. मग पुढचे थर वाळताना आक्रसतात आणि फळी धनुष्यासारखी वाकते.

कागद चिकटवण्यासाठी दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी. फळीलाही लावा, कागदाच्या पाठीलाही. कागद ओला झाला की पसरतो, म्हणून दोन मिनिटं थांबूनच चिकटवा. घाई केली की सुरकुत्या आणि फुगे ठरलेले. जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत न्या. राहिलेला फुगा वाळल्यावर ब्लेडने चिरून आत गोंद सोडा. इंकजेट प्रिंटचा रंग ओघळतो, लेझर किंवा झेरॉक्स टिकते. वर्तमानपत्र पिवळं पडणारच; चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढा. साडीचा तुकडा धुऊन, खळ काढून, इस्त्री करूनच वापरा.

उठावासाठी प्रायमरमध्ये खडूची पूड आणि थोडा फेव्हिकॉल कालवून श्रीखंडाइतका घट्ट लगदा करा. एका वेळी दोन मिमीच. जाड थापला तर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि तडकतो. (तडे हवेच असतील तर गोष्ट वेगळी!)

ॲक्रिलिक आधी, तैलखडू शेवटी. तेलकट पृष्ठभागावर ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्र्यासारखं निघतं.

पत्रा, चावी, बिजागरी नुसत्या गोंदावर सोडू नका. भोकं पाडून मागून तारेने बांधा. लोखंडाला आधी वॉर्निश द्या, नाहीतर पाण्याच्या रंगात गंज उतरतो.

शेवटचा हात फेव्हिकॉलचा कधीच नको, दमट हवेत तो पांढरट आणि चिकट होतो. ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ हात द्या, तेही कोरड्या दिवशी. कोकणात जुलैत हे काम काढूच नका. तैलखडूवर मात्र ब्रश फिरवला की रंग फरफटतो, तिथे स्प्रेच बरा.

वस्तू फार पुढे येत असतील तर खोल पेटी करून पुढे काच लावा. न्यूयॉर्कच्या जोसेफ कॉर्नेल (१९०३–१९७२) या स्वयंशिक्षित कलाकाराचं बरंचसं काम अशा काचबंद पेट्यांतलंच आहे. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये लाकडी पट्टी ठेवा.